नान्नजचा माळ: आधी लावलं, मग उपटलं

स्वतः लावलेली झाडं स्वतःच पैसे खर्चून काढायची वेळ वन विभागावर क्वचित येते. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला ती आली. झाडं गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) होती, जमीन सरकारी होती आणि तक्रार होती एका पक्ष्याच्या वतीने, माळढोकाच्या. त्याच्याच नावाने १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. राज्यातलं सर्वांत मोठं. आज तिथे गणनेत एखादा माळढोक दिसला, तरी त्याची बातमी होते.

हे प्रकरण एरवी पक्ष्यावरून सांगितलं जातं: किती होते, किती उरले, कोण जबाबदार. मी ते जमिनीवरून सांगणार आहे. माळढोक नसलेले, आणि म्हणून कोणाच्या नजरेत नसलेले सरकारी माळ राज्यात जागोजागी आहेत. त्यांच्या बाबतीत रोज जे निर्णय होतात, त्यांचे बरे-वाईट परिणाम एकाच ठिकाणी पाहायचे तर नान्नजइतकी चांगली जागा नाही.

पोटखराब

हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटरच्या दरम्यान, आणि तोही बेभरवशाचा. खाली बेसाल्टचा खडक, वर वीतभर मुरमाड माती. अशा जमिनीवर गवत हेच मुख्य पीक, आणि ते कोणी पेरलेलं नसतं. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. मधूनच बोर, हिवर, बाभूळ, तरवड. झाडं विरळ, एकमेकांपासून लांब. चार महिने हिरवं, आठ महिने पिवळं आणि करडं. एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला इथे काहीच नाही असं वाटतं, आणि सरकारी पाहण्या बहुधा उन्हाळ्यातच होतात.

महसुली भाषेत या जमिनीची नावं काय, तर पड, पोटखराब, गायरान. इंग्रजी अमदानीत सारा न देणारी जमीन ती निरुपयोगी असा हिशेब बसला. स्वातंत्र्यानंतर दप्तर बदललं, हिशेब तोच राहिला. मग माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, आणि त्यावर उपाय म्हणजे झाडं, ही समजूत शाळेच्या पुस्तकापासून मंत्रालयापर्यंत रुजली.

ती चुकीची आहे हे दाखवणारा एक पुरावा चक्क मराठी वाङ्मयातून आला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, चरित्रं आणि लोककथा चाळल्या आणि त्यांत येणाऱ्या रानवनस्पतींचे उल्लेख जमवले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उघड्या माळावरच वाढणाऱ्या वनस्पतींचं पारडं जड निघालं. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत. कोणी जंगल तोडून काल-परवा तयार केलेले नाहीत. संतांच्या गोष्टींतल्या झाडांची यादी करून जमिनीचा इतिहास लावायची ही कल्पना मला फार आवडली. आणि सातबाऱ्यापेक्षा ही नोंद अधिक विश्वासार्ह निघावी, यात गंमतही आहे.

दुष्काळानंतरची राखण

१९७२ चा दुष्काळ या भागाने विसरावा असा नव्हता. त्यानंतर केंद्राने अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू केला: माती अडवा, पाणी अडवा, चारा वाढवा. या कार्यक्रमातून १९७५ च्या सुमारास नान्नज आणि आसपास सरकारी माळाचे काही तुकडे निवडले गेले आणि तिथे चराईबंदी झाली. सगळे मिळून काहीशे हेक्टर. उद्देश पक्षी वाचवण्याचा नव्हता, चाऱ्याचा आणि मृद्‌संधारणाचा होता.

चराईचा ताण हटताच गवत उसळून आलं. गवत आलं तसे नाकतोडे आले, आणि माळढोक अंडी घालायला या तुकड्यांत येऊ लागले. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्यांकडे सर्वांचं लक्ष वेधलं. त्यातून अभयारण्य झालं, आणि १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे अभ्यास मांडला.

इथवरची गोष्ट यशाचीच आहे, आणि हा भाग सहसा कोणी सांगत नाही म्हणून मी त्यावर भर देतो. माळ सावरायला लागलेली पहिली गोष्ट होती विश्रांती. कोणी बी पेरलं नव्हतं, रोपवाटिका नव्हती. मुळं जमिनीत शाबूत होती, फक्त वर यायला उसंत हवी होती. बारमाही गवताचा ठोंब गुरांच्या दाढेखाली दर आठवड्याला जात असेल तर तो मरत नाही, पण बीही धरत नाही. एखाद-दुसरा पावसाळा मोकळा मिळाला की तो आपोआप सावरतो. नांगर लागलेल्या किंवा खणलेल्या माळाला मात्र ही सोय नसते. तिथे मूळच गेलेलं असतं. 'चरून थकलेला' माळ आणि 'खणून मोडलेला' माळ हा फरक या विषयातला कळीचा फरक आहे, आणि खात्याच्या नोंदीत दोन्हींना एकच शब्द आहे: अवनत.

मग झाडं आली

त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या अंगाने, मृद्‌संधारणाच्या नावाने, राखलेल्या तुकड्यांत लागवडही झाली. पुढच्या काळात इतर योजनांतून आणखी. गिरिपुष्प लोकप्रिय होतं, कारण ते लावायला सोपं. फांदी रोवली तरी फुटतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, पाऊस कमी पडला तरी तग धरतं, आणि मार्चमध्ये गुलाबी फुलतं तेव्हा फोटोही छान येतो. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड. जगण्याची टक्केवारी मोजायची असेल तर याच्यासारखं रोप नाही.

माळढोकाच्या बाजूने पाहिलं तर हे संकट होतं. पंधरा किलोपर्यंत वजन जाणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत अत्यंत जड असा हा पक्षी. त्याचं संरक्षण म्हणजे त्याची नजर. उघड्यावर उभं राहायचं, मान उंच करायची आणि लांबून येणारं काहीही आधी पाहायचं. नर विणीच्या हंगामात उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो. त्या आवाजावरूनच त्याला 'हूम' हेही नाव पडलं. हा सगळा तमाशा लांबवरून मादीला दिसावा, ऐकू यावा म्हणून असतो. मध्ये चार मीटर उंचीच्या झाडांच्या रांगा आल्या की रंगमंचासमोर भिंत बांधल्यासारखं होतं. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही नुसत्या जमिनीवर. झाडावर कावळा बसू शकतो, आणि तिथून त्याला अंडं दिसतं. झाडाआड कुत्रा दडतो. एका अंड्याच्या हिशेबात असे दोन-चार अपघात वर्षानुवर्षं झाले, तर संपूर्ण पिढीच कोरी जाते.

गिरिपुष्पाचा आणखी एक गुण इथे अवगुण ठरतो. ते शेंगवर्गातलं, मुळांतून मातीत नत्र भरतं. शेताच्या बांधावर ही चांगली गोष्ट. माळाची गवतं मात्र भुकेल्या मातीत जगायला शिकलेली आहेत, आणि तीच त्यांची ताकद. माती सकस झाली की भराभर वाढणारं तण पुढे जातं आणि पवन्या मागे पडतो. सावली पडते ती वेगळीच. माळाची गवतं उन्हाची भोक्ती, दाट सावलीत ती विरळ होत जातात.

रहमानींनी हे वर्षानुवर्षं लिहिलं, सांगितलं. २००६ मध्ये नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश आणि वाळवंटांवरच्या कृतिदलाचे ते अध्यक्ष होते. गवताळ प्रदेशांवर झाडं लावणं थांबवा, हे तिथेही मांडलं गेलं. नान्नजला अभ्यासकांच्या पाठपुराव्यानंतर गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढलं गेलं. एका सरकारी खात्याने आपलीच लागवड चुकली असं कृतीतून मान्य करणं ही छोटी गोष्ट नाही. त्याचं श्रेय द्यायला हवं.

काढणं हे लावण्यापेक्षा अवघड

झाड काढण्याचं काम कागदावर एका ओळीचं असतं. जमिनीवर ते असं चालतं.

नुसतं तोडलं तर गिरिपुष्प हसतं. ते छाटणीसाठीच प्रसिद्ध आहे. बुंध्यापासून दहा फुटवे येतात आणि दोन वर्षांत आधीपेक्षा दाट झुडूप उभं राहतं. म्हणजे मुळासकट काढणं आलं. जेसीबी लावला तर काम एका दिवसात होतं, पण प्रत्येक खड्ड्याभोवती माती उलथते, मुरूम वर येतो आणि पहिल्या पावसात तिथे गाजर गवत आणि तरोटा हजर होतो. ज्या गवतासाठी हे सगळं करायचं, त्याचे ठोंब साखळीच्या चाकाखाली जातात ते वेगळेच. पावसाळ्यात जमीन ओली असताना लहान रोपं हाताने उपटणं, मोठी झाडं पहारीने मूळ मोकळं करून काढणं, आणि पुढची दोन-तीन वर्षं नेमाने येऊन फुटवे मोडणं, हा रटाळ मार्ग अधिक चांगला. पण त्याला मजूर लागतात, तेच मजूर पुन्हा पुन्हा लागतात, आणि कामाचा फोटो काढला तर त्यात काहीच दिसत नाही. झाडं काढली आणि जागा मोकळी दिसते, एवढंच.

सलग समतल चरांची कथा याहून वाईट. पाणी अडवण्यासाठी माळभर खणलेले चर डोंगरउतारावर ठीक असतील. वीतभर मातीच्या माळावर चर खणला की वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर जातो. तो भराव वर्षानुवर्षं उघडा राहतो किंवा तणाने भरतो. चर बुजवता येतो, मातीचे थर पूर्वीच्या क्रमाने परत लावता येत नाहीत. चर खणलेल्या माळावरून चालताना एक पट्टा गवताचा, एक पट्टा दगडाचा अशी नक्षी दिसते, ती पुसायला माणसाचं एक आयुष्य पुरेल असं मला वाटत नाही. म्हणून नवे चर न खणणं हेच चरांच्या बाबतीतलं पुनरुज्जीवन.

झाडं गेलेल्या जागी गवत कसं परततं? आधी येतात वर्षायू, कुसळवाली गवतं, पायजम्याला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटून फिरणारी. ती दिसली की लोक म्हणतात, हे काय चांगलं गवत नव्हे. बरोबर आहे, पण ती रांगेतली पहिली आहेत. मारवेल, पवन्या अशी बारमाही गवतं शेजारी शिल्लक असतील तर सरकत येतात. शेजारी नसतील तर बी आणावं लागतं, आणि ते त्याच परिसरातल्या दुसऱ्या माळावरून झोडपून आणलेलं असावं. बाजारातलं चाऱ्याचं सुधारित बी पेरलं की कुरण तयार होतं, माळ नाही. दोन्ही हिरवे दिसतात, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

लांडग्याने घातलेला घोळ

एवढं सरळ असतं तर बरं झालं असतं. नान्नज परिसरात लांडग्यांवरही मोठं काम झालं आहे. आधी सतीश कुमार आणि पुढे बिलाल हबीब यांनी इथल्या लांडग्यांचा माग काढला. त्यात दिसलेली एक गोष्ट माळप्रेमींना पचायला जड आहे. ज्या लागवडीला आपण नावं ठेवतो, तिच्यात लांडगे दिवसा विसावतात, पिल्लं आडोशाला ठेवतात. भोवती सगळीकडे शेती, रस्ते, माणसं आणि कुत्री. अशा ठिकाणी झाडीचा एक तुकडा हाच त्यांचा दिवसाचा निवारा झाला.

मग काढायची की ठेवायची? माझं मत असं की हा प्रश्न 'झाड की गवत' असा विचारणं चूक आहे. लांडग्याला गिरिपुष्प नको आहे, माणसांपासून लपायला जागा हवी आहे. ओढ्याकाठची बोरी-बाभळींची मूळची झुडपं, घळी, खडकाळ उतार इथे ती पूर्वी मिळत होती. त्या जागा आता नांगरल्या गेल्यात किंवा तिथे पंप बसलेत. तेव्हा उघड्या सपाट माळावरची लागवड काढावी, घळींतली देशी झुडपं वाढू द्यावीत, आणि काढायचं काम एका झटक्यात न करता तुकड्या-तुकड्याने, पिल्लांचा हंगाम टाळून करावं. पण पक्ष्याच्या नावाने निघालेल्या आदेशाने लांडगा उघड्यावर पडू शकतो, हे आधी माहीत असलेलं बरं. एका प्राण्यासाठी जमीन 'दुरुस्त' करताना बाकीच्यांना विचारायची पद्धत आपल्याकडे अजून नाही.

चराईबंदी किती दिवस?

१९७५ च्या राखणीने गवत परत आणलं हे वर सांगितलं. पण विश्रांती हे औषध आहे, आहार नव्हे. अजिबात न चरलेलं, न कापलेलं गवत काही वर्षांत कमरेपर्यंत जातं, आडवं पडतं, वाळक्या काडांचा थर साचतो आणि खालच्या कोंभांना ऊन मिळत नाही. माळढोकाला कुठे आखूड गवत लागतं, कुठे गुडघाभर, कुठे नुसती मोकळी जमीन. धाविक आणि चंडोल तर आखूड गवतावरच राहतात. सगळीकडे एकसारखं उंच गवत ही त्यांच्या दृष्टीने नापीक जमीनच.

ही सरमिसळ पूर्वी कोण करत होतं? धनगरांच्या मेंढ्या, गावची गुरं, काळवीट. मेंढ्यांचा कळप एका जागी थांबत नाही. पावसाळ्यानंतर सरकत जातो, शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. माळाला ठराविक काळ चराई आणि ठराविक काळ मोकळीक मिळते. कायमची चराईबंदी लादली की हा कळप उरलेल्या, न राखलेल्या माळावर दाटीने जातो आणि तो माळ खरवडला जातो. म्हणजे एक तुकडा अति राखलेला, शेजारचा अति चरलेला, आणि दोन्ही बिघडलेले. विणीचा हंगाम, म्हणजे पावसाळ्याचे महिने, कडक बंदी आणि हिवाळ्यापासून ठरवून, आळीपाळीने चराई किंवा कापणी, असा मधला मार्ग निघू शकतो. कापलेल्या गवताच्या गंज्या गावाला मिळाल्या तर राखणीत गावाचा हातही राहील. त्यासाठी मेंढपाळाला अतिक्रमक न समजता कामातला भागीदार समजावं लागेल, आणि तिथेच गाडी अडते.

८,४९६ ची रेघ

सरकारी माळ सुधारला तरी पक्षी का गेला, याचं उत्तर त्या माळाच्या बाहेर आहे.

१९७९ ची रेघ इतकी मोठी होती की तिच्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, शेती सगळं आलं. त्यातली बहुतांश जमीन खासगी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २० प्रमाणे अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की वारसाहक्काखेरीज जमिनीवर नवे हक्क निर्माण करता येत नाहीत. म्हणजे विक्री अडली, कर्ज अडलं, घर बांधणं अडलं. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्या माणसाला माळढोक कसा आवडावा? जो पक्षी शेतकऱ्याच्या रानात फिरत होता आणि ज्याला फारसं कोणी हटकत नव्हतं, तो आता जप्तीची नोटीस बनून आला. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेराला १९८१ मध्ये असंच अभयारण्य झालं. तिथेही खासगी जमिनी, तीच बंधनं, वाढलेले काळवीट, पिकांची नासाडी, लोकांचा राग. नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. नान्नजच्या हद्दीची फेरआखणी व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर तीन दशकं गेली होती.

दरम्यान रानं बदलली. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. भारी काळ्या रानात पावसाळाभर काही पेरायचं नाही, ओल धरून ठेवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची, अशी जुनी रीत. माळढोकाचा विणीचा हंगाम नेमका पावसाळ्यात. म्हणजे सरकारी माळाच्या काहीशे हेक्टरांना लागून, त्याच महिन्यांत, हजारो हेक्टर मोकळं, शांत, किडामुंगीने भरलेलं रान त्याला फुकट मिळत होतं. सरकारी माळ हे त्याचं घर असेल, तर ही पडीत रानं त्याचं अंगण होतं. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. कालवे आले, उपसा आला, विहिरी-बोअर खोल गेल्या आणि बारमाही ऊस आला. खुद्द नान्नज द्राक्षांसाठी प्रसिद्ध झालं. 'सोनाका' ही द्राक्षाची जात याच गावच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतली. शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर द्राक्ष लावू नयेत असं कोणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण मांडव, तारा, फवारणी आणि वर्षभर माणसांची ये-जा, यात माळढोकाचं अंगण संपलं. विजेच्या तारांचा धोका आणखी वेगळा. या पक्ष्याची समोरची दृष्टी अरुंद असते, जड शरीराने ऐनवेळी वळता येत नाही.

सरकारी जमिनीवरच्या पुनरुज्जीवनाची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. खातं आपल्या तुकड्यात गवत परत आणू शकतं. शेजारच्या रानात पावसाळ्यात काय पेरलं जाईल, यावर त्याचा ताबा नाही. ताबा घ्यायचा प्रयत्न १९७९ मध्ये कायद्याने झाला आणि अंगाशी आला. खरीप पड ठेवणाऱ्याला त्या हंगामाचा मोबदला देणं हा पर्याय तेव्हा कोणी गंभीरपणे घेतला नाही. आज घेतला तरी उसाच्या भावाशी स्पर्धा करावी लागेल.

मग गवत परत आणून मिळवलं काय? काळवीट, लांडगे, खोकड, धाविक, भोवत्यांसारखे हिवाळी पाहुणे पक्षी, चारा, आणि मुळांच्या रूपाने जमिनीखाली साठलेला कर्ब. माळढोकाच्या गणनेवरून या सगळ्याला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं.

हिशेबाची वही

एवढा धडा हाताशी असताना राज्याने पुढे काय केलं? २०१६ मध्ये एका दिवसात २ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. इतकी झाडं लावायला मोकळी सरकारी जमीन कुठे मिळणार? माळावरच. भरपाई वनीकरणाचा पैसाही असाच वाहतो. कुठे तरी धरणाखाली किंवा खाणीखाली जंगल जातं, त्याच्या बदल्यात 'अवनत' वनजमिनीवर रोपं लागतात, आणि ती अवनत जमीन पुष्कळदा चांगला नांदता माळ असते. एका नुकसानीची भरपाई दुसऱ्या नुकसानीने.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तमिम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून अशा उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा देशाचा नकाशा तयार केला. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा भरला, आणि त्यातला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे. निदान आता 'इथे काही नाही' असं म्हणणाऱ्यासमोर नकाशा ठेवता येतो.

पण अडचण अज्ञानाची कमी आणि वहीची जास्त आहे, असं मला वाटतं. माळाचं महत्त्व जाणणारे अधिकारी वन विभागात आहेत. त्यांच्या हातातली मोजमाप पुस्तिका मात्र खड्डे, रोपं, घनमीटर आणि जिवंत रोपांची टक्केवारी एवढंच ओळखते. 'या वर्षी काही लावलं नाही, काही खणलं नाही, गवत बरं आहे' हे लिहायला तिच्यात रकाना नाही. रकाना नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून मजूर नाही. वर्षअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून खड्डे खणले जातात, आणि खणायला मऊ, मोकळी, वाद नसलेली जमीन म्हणजे माळ.

उद्या एखाद्या परिक्षेत्रात गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावलेला सरकारी माळ मोकळा करायचा ठरला, तर मी असा क्रम सुचवेन. पहिला पावसाळा काहीही न करता फक्त चालायचं. कुठे पवन्या-मारवेल जिवंत आहे, कुठे चर आहेत, कुठे लांडग्यांची, सशांची ये-जा आहे, मेंढ्या कोणत्या वाटेने येतात, हे नकाशावर उतरवायचं आणि त्यात मेंढपाळाला सोबत घ्यायचं. गवत जिथे सर्वांत चांगलं शिल्लक आहे तिथून काम सुरू करायचं, सर्वांत बिघडलेल्या जागेपासून नाही. लागवड नियमाप्रमाणे नेमकी उलट असते, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. दुसऱ्या वर्षी झाडं काढायची, हाताने, तुकड्या-तुकड्याने. काढलेलं लाकूड गावाला द्यायचं. नवीन चर नाही, बियाणं गरज पडली तरच.

आणि अंदाजपत्रकात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पावसाळ्यातल्या फुटवे काढण्याच्या मजुरीची ओळ पहिल्याच दिवशी मंजूर करून घ्यायची. योजना सहसा दुसऱ्या वर्षी संपते, गिरिपुष्प तिसऱ्या वर्षी पुन्हा फुलोऱ्यावर येतं.